तबकडी, नवतपा आणि कूलर

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागतो आणि नागपुरातील ध्वनिमुद्रिका-संग्राहकांपुढे दरवर्षीचाच पेच उभा राहतो. पारा ४५ अंशांकडे झेपावत असतो. कूलर लावावा, तर त्याची घरघर आणि खोलीभर दमटपणा. न लावावा, तर पश्चिमेच्या भिंतीलगतचे कपाट तापणार. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला सुखावते, परंतु जुन्या कागदी वेष्टनांवर बुरशी आणते. गायक मंद्र सप्तकात उतरला की नेमका तेव्हाच पाण्याचा पंप गुरगुरू लागतो. मग काही रसिक कूलर बंद करून, घाम पुसत एक बाजू पूर्ण ऐकतात आणि घरच्यांचा रोष पत्करतात.

खरा मनस्ताप मात्र हवामानाचा नसून सदिच्छेचा आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी आली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतांशी लाखेच्या. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, त्यापासून ही लाख मिळते. तिच्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळून तबकडी घडत असे. अशी तबकडी हातून पडली की फुटते. व्हिनाइल सहसा फुटत नाही. पण उन्हात तापलेल्या मोटारीत राहिली किंवा एकीवर एक रचून ठेवली की वाकते. हा भेद ठाऊक नसलेला एखादा प्रेमळ भाचा आजोबांच्या तबकड्या स्पिरिटने लख्ख पुसतो. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आणि खाचांबरोबर स्वरही जातो.

सुईचीही तीच कथा. ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असे. काटकसरी घरांत एकीवरच महिना निघे आणि झिजलेले टोक खाचा कोरीत राही. आज उलट चूक होते: दीर्घवादन तबकडीची बारीक सुई ७८ च्या सुमारे तिप्पट रुंद खाचेत तळाशी भरकटते. त्यातून उठणाऱ्या खरखरीचा दोष विनाकारण तबकडीला लागतो.

‘हे तर मोबाइलवर मिळतं ना?’ हा पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला. पुष्कळ मिळतेही. परंतु जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या कितीतरी बाजू पुन्हा कधी प्रसिद्धच झाल्या नाहीत. घरातले वडीलधारे गेल्यावर असा संग्रह रद्दीच्या तराजूवर चढतो, तेव्हा त्यात काय होते हे सांगणारेही कुणी उरलेले नसते. (लेबलावर शाईने लिहिलेले ‘विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ पाहून व्यापारी नाक मुरडतो, वास्तविक त्या तबकडीचा घरोबा तेवढ्यावरूनच कळतो.)

म्हणून जाणते संग्राहक प्रत्येक वेष्टनात एक चिठ्ठी ठेवतात. तिच्यावर फेऱ्या, सुईचा प्रकार, गायकाचे नाव, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘स्पिरिट लावू नये. उभी ठेवावी.’