कोंबडीला आकडे येत नाहीत!

तुमच्या आजीला एक कोडं घाला. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली तिची स्वतःची ६ अंडी आणि गिनी कोंबडीची ६ अंडी एकाच दिवशी ठेवली. सगळी उत्तम. पिल्लं किती निघतील?

आजीने कोंबड्या पाळल्या असतील, तर ती बारा म्हणणार नाही. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, पण गिनीच्या अंड्यांना २६ ते २८ दिवस लागतात. आपली पिल्लं बाहेर आली की कोंबडी त्यांना घेऊन चरायला निघते आणि गिनीची अंडी गार पडतात. म्हणून जाणती माणसं आधी गिनीची अंडी ठेवतात आणि आठवड्याने कोंबडीची. मग सगळी पिल्लं साधारण एकाच वेळी टोचा मारू लागतात. नुसती गिनीचीच अंडी ठेवली, तरी कोंबडी बिचारी एक आठवडा जास्त बसते. ती दिवस मोजतच नाही. अंड्यातून चिवचिव येईपर्यंत बसायचं, एवढंच तिचं गणित.

पण गिनीने स्वतः का बसू नये? बसते की! झुडपात लपवून अंडी घालते आणि उबवतेही. घोळ होतो तो नंतर. पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून ही बाई ताडताड चालत सुटते. मागे धावणारी चिमुकली पिल्लं भिजतात, गारठतात आणि मागेच राहतात. गिनी मूळची आफ्रिकेतल्या मोकळ्या माळरानांची, तिला भटकायची सवय. गावठी कोंबडी मात्र घडीघडीला थांबते, पिसं फुलवते आणि सगळ्यांना पोटाखाली घेते.

आता अंडी उबवणाऱ्या यंत्राकडे वळू. इन्क्युबेटरमध्ये पंख्याने हवा खेळवून तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव एका बाजूला कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे काम चोचीने करते, आणि तिला कुणी शिकवलेलं नसतं. शेवटचे तीनेक दिवस अंडी फिरवणं थांबवतात आणि यंत्रात ओलावा वाढवतात. हवा कोरडी राहिली तर पापुद्रा चिवट होतो आणि पिल्लू आतच अडकतं. त्यात गिनीच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यापेक्षा जाड आणि टणक!

मग पिल्लू ते फोडतं कसं? अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक पोकळी असते. पिल्लू आधी चोचीने त्या पोकळीचा पडदा फोडतं आणि पहिला श्वास घेतं. कवच अजून बंदच असतं, पण आतून आवाज येऊ लागतो. मग चोचीच्या टोकावरच्या छोट्या कडक दाण्याने ते कवचाला टोचा मारतं. पुढे ते बराच वेळ गप्प बसतं. आपला जीव वरखाली होतो, कवच सोलून द्यावंसं वाटतं. हात आवरा! त्या वेळात ते उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं, रक्तवाहिन्या सुकत असतात. घाई केली तर रक्त येतं. हाच बलक पुढचे एकदोन दिवस त्याची शिदोरी असतो. चोचीवरचा दाणा तर काही दिवसांत गळूनच पडतो.

यंत्रातून निघालेल्या पिल्लांना आई नसते. पहिल्या आठवड्यात त्यांच्यासाठी ३५ अंशांच्या आसपास ऊब ठेवायची, पुढे ती हळूहळू कमी करायची. पाण्याच्या ताटलीत गोट्या घालायच्या, कारण ही पिल्लं इतकी लहान असतात की उथळ पाण्यातही बुडतात. शेकडो पिल्लं हवी असतील तर यंत्राला पर्याय नाही. पण परसात दहाबारा हवी असतील, तर मी खुडूक कोंबडीच निवडेन. वीज गेली तरी ती गार पडत नाही!

अजून गिनीच्या वाणांची नावं सांगायची राहिली. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे तयार झालेले वाण आहेत कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी. यातली पांढरी कोणती, ते तुम्हीच ओळखा. नर कोणता आणि मादी कोणती, हे मात्र नुसतं पाहून ओळखणं कठीण. त्यासाठी कान लावावा लागतो. मोठी झालेली मादी दोन तुकड्यांत ओरडते, नराला ते जमत नाही.