यार्ड 701 ची चौदा वर्षं

कोलकात्यात बालीगंजहून हाजरा रोडने पश्चिमेला निघालं की वाटेत महाराष्ट्र निवास लागतं. तसंच पुढे जात हुगळीचा काठ गाठला की गार्डन रीचचा जहाज कारखाना. युद्धनौका बांधण्यात हा कारखाना मुरलेला. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका 'अजय' 1961 मध्ये इथूनच नौदलाकडे गेली. तरीही या शहराचं नाव मिरवणारी विनाशिका 'आयएनएस कोलकाता' घडली ती मुंबईत, माझगाव गोदीत. नौदलात दाखल होईपर्यंत गोदीच्या कागदोपत्री ती होती 'यार्ड 701'.

सरकारने मे 2000 मध्ये 'प्रकल्प 15 ए'च्या तीन विनाशिकांना मंजुरी दिली, तेव्हा खर्च धरला होता 3,580 कोटी रुपये. त्यातल्याच 'कोलकाता'च्या कामाला सुरुवात सप्टेंबर 2003 मध्ये, जलावतरण 30 मार्च 2006 ला. जहाज पाण्यात उतरलं म्हणजे झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तरंगत असतो तो बराचसा रिकामा सांगाडा. यंत्रं, केबल, रडार, क्षेपणास्त्रांचे कप्पे हे सगळं नंतर चढतं, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. रशियाकडून यायचं युद्धनौकेच्या दर्जाचं पोलाद आधीच उशिरा आलं होतं. त्यात बांधणी चालू असताना कोणती शस्त्रं बसवायची, याचे निर्णय बदलत राहिले. तिन्ही नौकांचा सुधारित खर्च 11,662 कोटींवर गेला. महालेखापरीक्षकांनी त्यावर कडक ताशेरे ओढले, ते रास्तच होते.

मग या काळात नवीन काय शिकलो? जवळून पाहिलं तर जहाजाच्या भिंती सरळ उभ्या नाहीत, कललेल्या आहेत. समोरून आलेल्या रडारलहरी त्यामुळे आल्या वाटेने परतत नाहीत, भलतीकडे फेकल्या जातात. डोलकाठीवर चारी दिशांना बसवलेले रडारचे सपाट पॅनेल आहेत. जहाज अदृश्य होत नाही. सुमारे 163 मीटर लांबीची, 7,000 टनांहून जड नौका शत्रूच्या पडद्यावर बरीच लहान दिसते, इतकंच. लढाईत तेवढंही खूप झालं.

किंमत फक्त पैशांत मोजली गेली नाही. 7 मार्च 2014 रोजी मुंबईत यंत्रांच्या चाचण्या चालू असताना आग विझवण्याच्या यंत्रणेतून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि नौदलाच्या एका कमांडरचा जीव गेला.

अखेर 16 ऑगस्ट 2014 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'कोलकाता' नौदलात दाखल झाली. गंमत म्हणजे, पुढच्याच आठवड्यात गार्डन रीचने बांधलेली पाणबुडीविरोधी 'कामोर्ता' विशाखापट्टणमला दाखल झाली. 'कोलकाता'वर मात्र तेव्हा विमानवेधी बराक-8 क्षेपणास्त्रं नव्हतीच. त्यांची या नौकेवरून पहिली चाचणी डिसेंबर 2015 च्या अखेरीस झाली. ढाल नसलेल्या शिपायाला संचलनात उभं करण्याची ही घाई आजही खटकते.

पुढे तिने नाव काढलं. मार्च 2024 मध्ये 'रुएन' या अपहृत मालवाहू जहाजाला तिने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर गाठलं. चाळीस तासांच्या कारवाईनंतर 35 सोमाली चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं.

गोदीनेही धडा घेतला. पुढच्या 'प्रकल्प 15 बी'साठी पोलाद देशी वापरलं. त्यातली 'मुरगाव' गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, 18 डिसेंबर 2022 ला दाखल झाली. शेवटच्या 'सुरत'ला जलावतरणापासून सेवेत जायला दोन वर्षं आठ महिने लागले. 'कोलकाता'ला आठ वर्षांहून जास्त काळ लागला होता. पण 15 जानेवारी 2025 ला 'सुरत' दाखल झाली, तेव्हा पुढच्या पिढीच्या विनाशिकेची ऑर्डर निघालेली नव्हती. ती निघेल तेव्हा शस्त्रांची यादी आधी पक्की करा आणि मगच पोलाद कापायला घ्या.