भांग उशिरा का चढते?

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे शीतला घाटाला लागूनच अहिल्याबाई घाट येतो. पूर्वी या जागेस केवलगिरी घाट म्हणत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. काशीला गेलेला मराठी यात्रेकरू या पायऱ्यांवर घटकाभर टेकल्यावाचून सहसा राहत नाही. घाट चढून गोदौलियाच्या बाजूस गेले की ठंडाईची दुकाने लागतात. दूध, बदाम, बडीशेप, मगज, काळी मिरी आणि गुलाबाच्या पाकळ्या यांचे ते पेय उन्हाळ्यात फार रुचकर लागते. दुकानदार एकच प्रश्न विचारतो : साधी की भांगेची ? महाशिवरात्र, रंगभरी एकादशी आणि होळी या दिवसांत तर हा प्रश्नही पुष्कळदा विचारला जात नाही.

समजा, एका पाहुण्याने कुतूहलाने भांगेचा एक पेला घेतला. अर्धा तास गेला, काहीच वाटेना. बरोबरचा बनारसी गृहस्थ स्वस्थ बसलेला. पाहुण्याने दुसरा पेला मागवला. पाऊण तासाने तो घाटाच्या पायऱ्या उतरून नावेकडे निघाला आणि निम्म्या वाटेवर पहिल्या पेल्याचा अंमल सुरू झाला. दुसरा तर अजून यावयाचाच होता. छाती धडधडू लागली, तोंडाला कोरड पडली, पायऱ्या हलतात असे वाटू लागले, आणि आपण आता मरतो या भीतीने त्याला ग्रासले. हा प्रसंग कल्पित आहे; परंतु भांगेमुळे होणारे बहुतेक अपघात याच क्रमाने होतात. पाहुण्याने भांग फार घेतली हे खरेच, पण ती फार घेतली गेली ती घाईमुळे. ही घाई का घातक ठरते, हे समजण्यासाठी भांगेचा शरीरातील प्रवास पाहिला पाहिजे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि झाडाच्या राळेचा चरस. मादक द्रव्य मुख्यतः राळेत असल्याने पानांत ते कमी, फुलोऱ्यात अधिक आणि चरसात सर्वाधिक असते. गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा व चरस यांस बंदी घातली. फुलोरा नसलेली पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने दिसतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही निर्बंध आहेत. काशीत खुलेपणी मिळणारी वस्तू गाडीतून पुण्यास आणता येईल, अशा समजुतीत कोणी राहू नये.

या वनस्पतीचा आधुनिक वैद्यकीय अभ्यास आपल्याच देशात सुरू झाला. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर ११९३ साक्षी नोंदवल्या आणि असा निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने सामान्यतः फारसे नुकसान होत नाही, अतिसेवनाने होते. निष्कर्ष समतोल होता. परंतु ‘माफक’ म्हणजे किती, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते, कारण नशा आणणारे द्रव्य शुद्ध रूपात कोणाच्याच हाती आले नव्हते. ते १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळे केले. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे त्यास ‘मादक द्रव्य’ एवढेच म्हणू.

गांजाचा धूर ओढला तर हे द्रव्य फुफ्फुसांतून थेट रक्तात शिरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. अर्ध्या तासात अंमल शिगेला जातो व दोन-चार तासांत ओसरतो. ओढणाऱ्याला आपण किती घेतले याची वर्दी लवकर मिळते. (धुराने फुफ्फुसांची हानी होते ती वेगळी.) प्यालेल्या भांगेचा मार्ग लांबचा आहे. मादक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. दूध आणि बदाम यांची योजना करणाऱ्यांना हे अनुभवाने कळले असावे. ते जठरातून आतड्यात, आतड्यातून यकृतात जाते. यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकते. पण मोडताना त्यातूनच दुसरे एक द्रव्य तयार होते, आणि तेही मादकच असते. मग हे दोन्ही मिळून मेंदूवर चाल करतात. या सर्वास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. भरल्या पोटी अधिकच. परमावधी दोन ते चार तासांनी येते आणि एकंदर अंमल सहा-आठ तास, कधी बारा तासही टिकतो. अर्ध्या तासानंतर ‘काहीच झाले नाही’ असे म्हणणारा मनुष्य स्टेशनावर गाडी येण्यापूर्वीच ती आली नाही म्हणून परत फिरणाऱ्यासारखा आहे.

मेंदूतील पेशींवर या द्रव्याची ग्रहणस्थाने आहेत, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. वनस्पतीतल्या द्रव्यासाठी आपल्या मेंदूत जागा कशी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. त्याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले : शरीर स्वतःच तसे एक द्रव्य तयार करते. शोधकांनी त्याचे नाव ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून अ‍ॅनंडामाइड असे ठेवले. शास्त्रीय परिभाषेशी झगडताना प्रस्तुत अनुवादकाला असा प्रतिशब्द आयता हाती येण्याचे भाग्य क्वचितच लाभते.

स्मृती, तोल, भूक, भीती आणि काळाचे भान यांच्याशी संबंधित भागांत ही ग्रहणस्थाने दाट आहेत. म्हणून भांग घेतलेला मनुष्य बोलता बोलता सुरुवात विसरतो, अडखळतो, मिठाईवर तुटून पडतो, आणि त्याला पाच मिनिटे पंधरा मिनिटांसारखी वाटतात. पुष्कळ वेळ झाला, आता आणखी घ्यावी, हा त्याचा अंदाज म्हणूनच विश्वासार्ह नसतो. थांबण्याचा काळ मनाने नव्हे, मनगटावरच्या घड्याळाने मोजावा. श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागात मात्र ही ग्रहणस्थाने विरळ आहेत. अफूच्या अतिसेवनाने श्वास बंद पडतो, तसा केवळ भांगेने प्रौढ मनुष्याचा सहसा पडत नाही. भांग घेतलेल्याला मृत्यू गाठतो तो बहुधा पाण्यात, रस्त्यावर किंवा जिन्यावर.

पेल्यात किती भांग आहे हे पाहून कळत नाही, ही दुसरी अडचण. हिरव्या पानात हे द्रव्य आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते नशा आणीत नाही. वाळवणे, साठवणे आणि तापवणे यांनी ते हळूहळू मादक बनते. तेव्हा एकाच वजनाच्या दोन गोळ्यांचा प्रभाव सारखा असेलच असे नाही. शिवाय पाट्यावर वाटलेला लगदा दुधात पुरता विरघळत नाही, तळाशी बसतो. त्यामुळे भांड्यातील शेवटचा पेला अधिक जहाल निघू शकतो. जेथे हे पदार्थ मोजून विकले जातात, तेथे नवख्याने अडीच मिलिग्रॅम मादक द्रव्यापासून सुरुवात करावी, असे सुचवतात. ठंडाईच्या दुकानात असे मोजमाप नसते. म्हणून ज्याला घ्यावयाचीच आहे त्याने सारखी ढवळलेली ठंडाई पाव पेला घ्यावी, निदान तीन तास दुसरी घेऊ नये, आणि खरे पाहता त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे. शेजारच्या नित्य सेवकाची बरोबरी करू नये. रोजच्या सेवनाने ग्रहणस्थाने बोथट होतात, म्हणून त्याला दोन गोळ्याही पचतात. त्याच मनुष्याने महिनाभर सोडून पुन्हा पूर्वीचेच प्रमाण घेतले, तर तोही नवखाच ठरतो.

अंमलात असताना गंगेत उतरू नये, नावेत बसू नये, दुसऱ्या सकाळपर्यंत वाहन चालवू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेऊ नयेत. ज्याने काही घेतलेले नाही असा एक सोबती जवळ असावा. नाडीचा वेग बराच वाढत असल्याने हृदयविकार असलेल्यांनी हा प्रयोग करूच नये; गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच स्वतःला किंवा घराण्यात कोणाला चित्तभ्रमाचा विकार झालेल्यांनीही नाही. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि कोवळ्या वयात वरचेवर सेवन करणाऱ्यांत स्मरणशक्तीचे दोष व मनोविकार अधिक आढळतात. सवय लागत नाही, हा समजही खोटा आहे. सेवन करणाऱ्यांपैकी दहांतील सुमारे एकाला ती जडते, आणि सोडताना चिडचिड, निद्रानाश व अरुची यांचा त्रास होतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे आपल्या देशात वर्षभरात सुमारे २ कोटी २० लाख लोकांनी भांग घेतली होती. त्यावरून हा दहावा हिस्सा केवढा होईल याचा अंदाज यावा.

होळीत न सांगता भांग पाजण्याला गंमत म्हणतात. ती गंमत नव्हे. आपल्याला काय झाले हेच ठाऊक नसलेल्या मनुष्याची भीती दसपट होते, आणि लहान मुलाच्या पोटात एखादी बर्फी गेली तरी ते बेशुद्ध पडू शकते.

कोणाला अंमल अतिशय चढलाच, तर त्याला शांत, अंधाऱ्या जागी बसवावे, हे काही तासांत उतरेल असे पुन्हा पुन्हा सांगावे आणि घोट घोट पाणी द्यावे. गुंगी येत असल्यास कुशीवर निजवावे. लिंबू, लोणचे किंवा ताक यांनी रक्तात गेलेले द्रव्य बाहेर येत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतते. डोळे नुसते लाल न दिसता बाहुल्या विस्फारलेल्या असतील, अंग तापून कोरडे पडले असेल, लघवी अडली असेल आणि मनुष्य हवेत काही पकडू पाहत असेल, तर पेल्यात धोत्र्याचे बी असल्याचा संशय धरावा. तो प्रकार घरी हाताळण्याचा नव्हे. छातीत दुखणे, आकडी, बेशुद्धी, किंवा रोगी लहान मूल असणे, यांपैकी काहीही असल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांपासून काही लपवू नये. काय घेतले याच्याइतकेच केव्हा घेतले हे त्यांना सांगावे, म्हणजे अंमल उतरणीस लागला आहे की अजून चढावयाचा आहे, हे त्यांना ठरवता येते.