सिटी सेंटर : महालाबाहेरचं ग्वाल्हेर

ग्वाल्हेरला येणारा मराठी पाहुणा किल्ला बघतो, जयविलास महालात डोळे दिपवून घेतो, महाराज बाड्यावर खरेदी करतो आणि गाडी पकडतो. सिटी सेंटरला मुद्दाम कोणी जात नाही. बघण्यासारखं तिथे आहे तरी काय? बँका, कोचिंग क्लासेसच्या पाट्या, हॉटेलं, दवाखाने, महापालिकेचं मुख्यालय आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ. जुनं शहर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभं राहिलेलं लष्कर आणि इंग्रजांची मुरार छावणी, अशा तीन वस्त्यांचं मिळून हे गाव झालं. सिटी सेंटर ही त्यात अलीकडे पडलेली भर. तिला ना वाडा, ना छत्री, ना दंतकथा. पण या शहराचं आजचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर पाहुण्याला मी आधी इथेच आणीन.

शेजारी जिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. 1964 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला जिवाजीराव शिंद्यांचं नाव आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1966 मध्ये, ग्वाल्हेरात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र आणि राजमाता विजयाराजे शिंदे यांच्यात वितुष्ट येण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. राजमातांनी काँग्रेस सोडली आणि 1967 च्या जुलैमध्ये आमदार फोडून मिश्रांचं सरकार पाडलं. 53 वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, नातू ज्योतिरादित्य यांनी काँग्रेस सोडली, 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचं सरकार कोसळलं. आजीचा कित्ता नातवाने गिरवला, असं इथे सगळेच म्हणतात.

घराणेशाही काही एकट्या ग्वाल्हेरची नव्हे. लोकशाहीचं माहेर म्हणवणाऱ्या ग्रीसमध्ये पापांद्रेऊ घराण्याच्या तीन पिढ्या पंतप्रधानपदावर बसल्या. ग्वाल्हेरची तऱ्हा थोडी न्यारी. इथे एकच घर दोन्ही पक्षांत नांदलं. आई राजमाता भाजपच्या, मुलगा माधवराव काँग्रेसचे. 1984 साली माधवरावांनी ज्या अटलबिहारी वाजपेयींना पाडलं, ते याच गावात जन्मलेले आणि राजमातांच्याच पक्षाचे नेते. त्यामुळे निवडणुकीत पहिला प्रश्न असायचा तो ‘महाल (म्हणजे शिंदे घराणं) कुणीकडे?’ हाच. उमेदवार आणि जाहीरनामा या नंतरच्या गोष्टी.

मराठी वाचकाला आणखी एक गंमत सांगायला हवी. इथल्या मतपत्रिकेवर मराठी आडनावं केवळ शिंद्यांची नसत. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर आणि गुणा अशा दोन्ही जागांवर जिंकले. पाठोपाठ पोटनिवडणुकीत नागपूरचे डॉ. ना. भा. खरे ग्वाल्हेरचे खासदार झाले. पुढे नारायण कृष्ण शेजवलकर 1977 आणि 1980 मध्ये निवडून आले. त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर आधी महापौर आणि मग 2019 ते 2024 खासदार. काँग्रेसच्या राज्यातही महासभा आणि जनसंघाचा गड राहिलेलं हे शहर, आणि त्या गडाच्या चाव्या बराच काळ मराठी हातांत होत्या.

सिटी सेंटर ज्या ग्वाल्हेर पूर्व मतदारसंघात येतं, तिथला अलीकडचा हिशेब मात्र कुठल्याच गडाला जुमानत नाही. 2018 साली काँग्रेसचे मुन्नालाल गोयल यांनी भाजपच्या सतीश सिकरवारांना हरवलं. 2020 च्या पोटनिवडणुकीत हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, फक्त पक्षांची अदलाबदल करून. गोयल शिंद्यांबरोबर भाजपमध्ये गेलेले, सिकरवार काँग्रेसमध्ये आलेले. जिंकले सिकरवार. 2022 मध्ये त्यांच्या पत्नी शोभा सिकरवार महापौर झाल्या. 57 वर्षांनी काँग्रेसचा महापौर, तोही महाल भाजपमध्ये गेल्यानंतर! 2023 मध्ये सतीश सिकरवारांनी पुन्हा जागा राखली. समोर होत्या माया सिंह, राजमातांच्या माहेरच्या नात्यातल्या.

आता न्यायालयाकडे वळू. सकाळी काळा कोट खांद्यावर टाकून टपरीवर बेडई-भाजी खाणारे वकील, बगलेत फायलींचं गाठोडं मारलेले कारकून आणि चंबळच्या खेड्यांतून तारखेसाठी आलेले पक्षकार. हायकोर्ट पूर्वी लष्करात होतं, तिथली एक गल्ली अजून ‘पुराना हायकोर्ट’ म्हणूनच ओळखली जाते. सिटी सेंटरच्या नव्या इमारतीच्या आवारात 2025 च्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवायचं ठरलं. चौथरा बांधून झाला, पुतळाही घडला आणि मे महिन्यात ठिणगी पडली. बार असोसिएशनमधल्या विरोधकांचं म्हणणं असं की, वकील संघटनेला विश्वासात घेतलेलं नाही आणि रीतसर मंजुरी नाही. पुतळ्याचा आग्रह धरणारे वकील सांगत की, परवानगी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात 2023 पासून बाबासाहेब उभे आहेत तर इथे अडचण कसली? विरोधकांनी त्याच चौथऱ्यावर तिरंगा फडकावला. भीम आर्मी आणि काँग्रेस मैदानात उतरले. भाजप जपून बोलत राहिला, कारण त्याला दोन्हीकडची मतं हवी होती.

मग कुणीतरी बेनेगल नरसिंह राव यांना पुढे केलं : घटनेचे खरे शिल्पकार तेच, म्हणून पुतळा त्यांचा हवा. राव संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार होते आणि त्यांचं काम मोलाचं होतं, यात वाद नाही. पण ते श्रेय 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात भर सभेत खुद्द आंबेडकरांनीच दिलं होतं. ज्यांनी स्वतःहून दुसऱ्याचं नाव घेतलं, त्यांच्याविरुद्धच ते नाव वापरायचं, हा युक्तिवाद वकिलांच्या तोंडी तरी शोभत नाही. बरं, बाबासाहेब परके म्हणावेत तर त्यांचा जन्म याच राज्यातल्या महू छावणीतला.

या वादामागे 2018 चा 2 एप्रिल आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यावरून पुकारलेल्या भारत बंदच्या दिवशी ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात दंगल पेटली आणि माणसं मेली. सिटी सेंटरला लागून असलेलं थाटीपूर तेव्हा बातम्यांत होतं. त्याच वर्षीच्या विधानसभेत या पट्ट्यातल्या 34 पैकी 26 जागा काँग्रेसने घेतल्या. श्रेय तेव्हा शिंद्यांच्या करिष्म्याला दिलं गेलं. दलित मतदार किती एकगठ्ठा फिरला, हे शिंदे पक्षात नसताना काँग्रेसने 2023 मध्ये राखलेल्या 16 जागांवरून अधिक नीट कळतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये या प्रकरणावरून पुन्हा वातावरण तापलं, जमावबंदी लागली आणि हजारो पोलीस शहरात आले. दिवाळीच्या खरेदीचे दिवस ते. दंगल काही झाली नाही. पुतळा तोवर शिल्पकाराच्या कार्यशाळेतच होता. आवारात चौथरा तेवढा होता आणि भोवती बंदोबस्त.