शाईनं खाल्लेली नावं

कागद जितका जुना तितका नाजूक, असं सगळेच धरून चालतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी मंडळी पेशवाईतला कागद मलमलीत गुंडाळून आणतात आणि पणजोबांच्या हातची १८८०-९०च्या सुमाराची वही तशीच पिशवीत कोंबून. तपासायला घेतलं की बहुतेक वेळा उलटंच निघतं. पेशवाईतली अक्षरं काळीभोर, कागद लवचीक. पणजोबांच्या वहीचं पान मात्र उलटताना करकरतं आणि अक्षराच्या जागी भोक पडलेलं असतं.

फरक शाईचा. जुनी शाई काजळीची. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलून खलून ती करत. काजळी म्हणजे कार्बन. तो कागदावर बसून राहतो, कागदाला काही करत नाही. त्यातून खाली चिंध्यांच्या लगद्याचा जुन्नरी नाहीतर दौलताबादी कागद. समर्थांनी दासबोधात पोथी कशी लिहावी यावर अख्खा समास खर्ची घातला आहे, तो उगाच नव्हे. लिहिलेलं टिकलं पाहिजे, ही त्या काळची रोजची काळजी होती.

दुसरी शाई लोहाची. मायफळाचा किंवा हिरड्याचा काढा, त्यात हिराकस आणि थोडा डिंक. लिहिताना फिकी, हवा लागली की काळी. ती कागदाच्या तंतूंत शिरते, पुसता येत नाही, म्हणून कचेऱ्यांना ती पसंत पडली. युरोपात शेकडो वर्षं हीच चालली. इंग्रजी अमलात ब्लू-ब्लॅकच्या बाटलीतून ती आपल्याकडे घरोघरी पोचली.

हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. काढ्यातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होताना गंधकाम्ल सुटतं आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. हिराकस जास्त पडलं असेल तर उरलेलं सुटं लोह ऑक्सिजनला हाताशी धरून कागद आणखी जाळत राहतं. आधी पानाच्या पाठीवर तपकिरी छाया उमटते, मग बारीक चिरा पडतात, मग अक्षरच गळतं. दमट हवेत हे सगळं वेगानं होतं. गोदाकाठच्या वाड्यांत पावसाळाभर भिंती ओल्या असतात. २००८ आणि २०१६च्या पुरात जी कपाटं भिजली, त्यातल्या कागदांबद्दल वेगळं सांगायला नको.

हे दुखणं जगभरचं आहे. व्हॅटिकनचे ग्रंथपाल फ्रान्झ एर्ले यांनी १८९८ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनला याच चिंतेनं परिषद भरवली होती. संगीतकार बाखची हस्तलिखितंही याच शाईनं पोखरली. आपल्या जवळचं उदाहरण पणजीचं. तिथल्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ची, आणि पोर्तुगीज कारकुनांची शाई लोहाचीच. संभाजी महाराजांच्या १६८३च्या गोवा स्वारीबद्दल आपण जे जाणतो, त्यातलं बरंच या कागदांतून आलं. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राज्यसमितीच्या बैठकांचे वृत्तांत १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. छापलेलं शाई खात नाही.

नाशिकचं माझं खरं काम मात्र तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं. पंचवटीत, त्र्यंबकेश्वरी घरोघर या नामावळ्या आहेत. यजमान क्षेत्री आला की गाव, कूळ, पूर्वजांची नावं लिहायची, शक्यतो त्यानं स्वतःच्या हातानं. म्हणून एकाच पानावर दोन शाया भेटतात. वर आजोबांचा मोडी लेख काजळीचा, खाली नातवाची बाळबोध सही ब्लू-ब्लॅकची, कडेला कुंकवाचा डाग.

एका पानावर मोडीही लोहाच्या शाईतच होती. मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि अक्षरं त्यांना लटकवत जातात. त्या रेघांवर शाई सगळ्यात दाट बसलेली. पान तिथूनच सुटलं होतं, सुरीनं कापावं तसं, पट्ट्या पट्ट्या होऊन. बारीक काना-मात्रा शाबूत होत्या.

सुटं लोह आहे की नाही, हे कळायला बॅथोफेनँथ्रोलीन लावलेल्या कागदाची पट्टी असते. शुद्ध पाण्याचा थेंब घ्यायचा, पट्टी नुसती दमट करून शाईवर अर्धा मिनिट दाबायची. गुलाबी झाली तर धोका आहे. उपायही आहे. हॉलंडच्या योहान नेव्हेल यांनी १९९०च्या दशकात कॅल्शियम फायटेटची पद्धत पुढे आणली. फायटिक आम्ल आपल्या गव्हा-तांदळाच्या कोंड्यात असतं. ते सुट्या लोहाला बांधून टाकतं. मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यानं आम्लता मारायची.

पण दोन शायांचं पान पाण्यात घालायचं कसं? नातवाची सही वाचेल, आजोबांची काजळी सुटेल, कुंकू पानभर पसरेल. अर्धवट ओल तर आणखी वाईट, कारण सुटं लोह तिच्याबरोबर कोऱ्या कागदात सरकतं. म्हणून अशा वह्यांना मी स्नान घालतच नाही. चिरेवर मागून अतिशय पातळ जपानी कागद लावते. चिकटवायला जिलेटिन उत्तम, ते लोहाला थोडं थोपवतं. पण ते प्राणिज, म्हणून घरच्यांना आधी विचारते. ज्यांना चालत नाही त्यांच्याकडे अल्कोहोलमध्ये विरघळणारा सेल्युलोजचा डिंक वापरते. आणि प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, हे तर हात जोडून सांगते. आम्ल आतच कोंडतं आणि पुढे ते पान सोडवणं कुणाच्याही हातात राहत नाही.

“ताई, वही पेटीत बंद करून कसं चालेल? यजमान दारात आला की ती उघडावीच लागते,” असं एक गुरुजी म्हणाले. बरोबरच आहे. वही हे त्यांचं चालतं दप्तर आहे. २०२७च्या सिंहस्थात ती दिवसातून कितीदा उघडली जाईल! ठिसूळ पान मोडतं ते उलटताना. म्हणून आम्ही ठरवलंय की पर्वणीच्या आधी ब्लू-ब्लॅकच्या वह्यांचे फोटो पूर्ण करायचे. कूळ शोधायचं ते फोटोत. नाव सापडलं की मगच मूळ वही काढायची, दोन्ही बाजूंनी उशा लावून अर्धीच उघडायची, आणि नवी नोंद करायची ती वेगळ्या वहीत, कार्बनच्या शाईनं. गुरुजींच्या मुलानं पहिल्या दोन वह्यांचे फोटो काढायला घेतलेत.