अभिज्ञान स्मृती
अभिज्ञान स्मृती : एखादी वस्तू, व्यक्ती, गंध वा स्थळ पुन्हा समोर आले असता ते पूर्वी अनुभवास आले होते अशी जाणीव होणे, यास अभिज्ञान (ओळख पटणे) म्हणतात. ज्या स्मृतीच्या आधारे हे घडते तिला अभिज्ञान स्मृती अशी संज्ञा आहे. वस्तू समोर नसताना ती मनात आणणे म्हणजे प्रत्यावाहन. बाजारात दिसलेला चेहरा निश्चितपणे ओळखीचा वाटतो, पण त्या गृहस्थांचे नाव व भेटीचा प्रसंग काही केल्या आठवत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. या दोन क्रिया भिन्न असाव्यात, अशी शंका त्यावरून येते.

अभिज्ञानाची धारणक्षमता विलक्षण मोठी आहे. लायनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना १०,००० पर्यंत चित्रे प्रत्येकी एकदाच दाखविली असता त्यांतील बहुसंख्य चित्रे त्यांना नंतर ओळखता आली. इतर प्राणीही यात फारसे मागे नाहीत. व्हॉन व ग्रीन यांच्या १९८४ मधील प्रयोगात कबुतरांनी ३२० पारदर्शिकांची विभागणी शिकून ती सुमारे दोन वर्षे लक्षात ठेवली.

प्राण्याला वाचा नसल्याने त्याला वस्तू ओळखीची वाटते की नाही, हे त्याच्या वर्तनावरूनच ठरवावे लागते. माकडाला प्रथम एक वस्तू दाखवितात. ती बाजूला सारली की खाली शेंगदाणा मिळतो. काही वेळाने तीच वस्तू व एक नवी वस्तू शेजारी ठेवतात आणि आता खाऊ नव्या वस्तूखाली असतो. प्रत्येक खेपेस वस्तूंची जोडी वेगळी असल्यामुळे नव्याची निवड करण्यासाठी माकडाला जुने ओळखावेच लागते. उंदरासाठी याहून सोपी रीत एनासर व डलाकूर यांनी १९८८ मध्ये मांडली. उंदीर स्वभावतःच नव्या वस्तूला अधिक वेळ हुंगतो. तेव्हा तो कोणत्या वस्तूजवळ किती वेळ थांबतो, एवढे मोजले की पुरे. त्यासाठी खाऊ लागत नाही व शिकवणीही लागत नाही.

या स्मृतीचे मेंदूतील स्थान शोधण्यास चालना मिळाली ती एका दुर्दैवी घटनेतून. अपस्माराच्या उपचारासाठी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर १९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतील भाग काढून टाकला. झटके कमी झाले, परंतु नवी स्मृती टिकविण्याची त्याची शक्ती कायमची गेली. नुकत्याच भेटलेल्या डॉक्टरांना तो थोड्या वेळाने ओळखीत नसे. स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि दोष मुख्यतः हिप्पोकँपस या अवयवाच्या नाशाकडे देण्यात आला. मोलेसन २००८ मध्ये मरण पावला, तोपर्यंत तो संशोधकांना आपला वेळ देत राहिला.

माकडांवरील प्रयोगांनी प्रथम हाच निष्कर्ष बळकट केल्यासारखे दिसले. मॉर्टिमर मिश्किन यांनी १९७८ मध्ये दाखविले, की हिप्पोकँपस व ॲमिग्डॅला हे दोन्ही भाग काढल्यास अभिज्ञान फार बिघडते. एकच काढल्यास तितके बिघडत नाही. पण या शस्त्रक्रियेत एक खोच होती. आतील भागापर्यंत पोहोचण्यासाठी त्यावरील व लगतचा बाह्यक कापला जाई. खरा अपराधी हा लगतचा बाह्यकच होता. झोला-मॉर्गन, स्क्वायर व त्यांचे सहकारी (१९८९) आणि म्यूनिए व सहकारी (१९९३) यांनी बाह्यकाचाच भाग काढून हे स्पष्ट केले. पुढे मरी व मिश्किन यांनी १९९८ मध्ये विषारी रसायन टोचून हिप्पोकँपस व ॲमिग्डॅला यांतील कोशिका तेवढ्या मारल्या व बाह्यक शाबूत ठेवला, तेव्हा वस्तूंचे अभिज्ञान जवळजवळ अबाधित राहिले. एका कापण्याच्या पद्धतीने संशोधनाची दिशा वीस वर्षे चुकविली, असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे नाही. तथापि हिप्पोकँपसचा यात काहीच वाटा नाही, असे मात्र सर्वजण मानीत नाहीत. स्क्वायर यांच्या गटाला उंदरांत व माकडांत दीर्घ कालावधीनंतर दोष आढळला आहे.

घ्राणखाचेलगतच्या या पट्ट्याला पेरिऱ्हायनल बाह्यक म्हणतात. त्यातील कोशिकांचे वर्तन ब्रिस्टल विद्यापीठाच्या माल्कम ब्राउन यांनी अनेक वर्षे तपासले. जागृत माकडाच्या एकेका कोशिकेतील विद्युत् स्पंदने नोंदविता असे आढळले, की सुमारे एक-चतुर्थांश कोशिका नवी वस्तू पाहताच जोराने प्रतिसाद देतात, पण तीच वस्तू पुन्हा दाखविली की त्यांचा प्रतिसाद घटतो. एकदाच पाहणे त्यास पुरेसे असते. मध्यंतरी इतर अनेक चित्रे दाखविली तरी काही कोशिकांत ही घट २४ तासांहून अधिक टिकते. शिआंग व ब्राउन (१९९८) यांनी या कोशिकांचे तीन प्रकार ओळखले : वस्तू अलीकडे दिसली का हे सांगणाऱ्या, ती मुळात परिचित आहे का हे सांगणाऱ्या आणि ती अगदी नवी असतानाच उद्दीपित होणाऱ्या. ओळखीची खूण प्रतिसाद वाढण्याने न होता कमी होण्याने व्हावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु जिकडे लक्ष पुरविण्याची गरज नाही तिकडे शक्ती न खर्चणे हे काटकसरीचेच आहे.

ही घट कशी होते? दोन कोशिकांमधील अनुबंधावरील ग्राहक रेणू पृष्ठभागावरून आत ओढले जातात व अनुबंध दीर्घकाळ दुबळा होतो. ही क्रिया विषाणूमार्फत आणलेल्या जनुकाने रोखली असता उंदरांचे अभिज्ञान बिघडते, असे ग्रिफिथ्स व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले. कोशिकासमूहांची वाटणी वान, ॲगलटन व ब्राउन यांच्या १९९९ मधील प्रयोगाने सुरेख उलगडली. उंदराच्या एका डोळ्याला नवे व दुसऱ्याला परिचित चित्र एकाच वेळी दाखविले आणि उद्दीपित कोशिकांत तयार होणारे फॉस हे प्रथिन मोजले. नव्या चित्राने पेरिऱ्हायनल बाह्यकात ते वाढले, हिप्पोकँपसमध्ये फरक पडला नाही. चित्रे परिचित पण त्यांची मांडणी नवी असताना मात्र फरक हिप्पोकँपसमध्ये दिसला. म्हणजे ‘काय’ ओळखणे एकाकडे व ‘कशाशेजारी काय’ हे ओळखणे दुसऱ्याकडे आहे.

पक्ष्यांत वेगळा प्रकार आढळतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले कोंबडीचे पिलू प्रथम दिसलेल्या हलत्या वस्तूमागे जाते व पुढे तीच वस्तू ओळखते. यास मुद्रांकन म्हणतात. केंब्रिज येथील गेब्रियल हॉर्न यांनी पॅट्रिक बेटसन व स्टीव्हन रोझ यांच्यासमवेत याचे स्थान अग्रमस्तिष्काच्या छतातील एका लहान क्षेत्रात निश्चित केले. हे क्षेत्र काढलेले पिलू फिरती लाल पेटी ओळखू शकत नाही, पण उबेच्या बक्षिसासाठी दोन दृश्यांत फरक करणे शिकते. म्हणजे दृष्टी व शिकण्याची क्षमता राहूनही ओळख तेवढी जाते. येथे मुद्रांकनानंतर त्या वस्तूला प्रतिसाद देणाऱ्या कोशिका वाढतात आणि डाव्या बाजूच्या क्षेत्रात एन-एम-डी-ए जातीचे ग्राहक रेणूही वाढतात. माकडाच्या बाह्यकाहून ही तऱ्हा नेमकी उलट आहे. निसर्गाने एकच काम दोन रीतींनी साधले असावे, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र पिलाला आईकडे ओढले जायचे असते, तर माकडाला जुन्याकडे दुर्लक्ष करायचे असते, हा प्रयोजनातील भेदही विसरून चालणार नाही.

स्वजातीयांची ओळख ही आणखी वेगळी बाब होय. हिप्पोकँपसमधील सीए-२ हा छोटा पट्टा निष्क्रिय केल्यास लहान उंदीर परिचित उंदराला नवखाच समजतो (हिटी व सीगलबॉम, २०१४). ओकुयामा व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिप्पोकँपसच्या खालच्या भागातील सीए-१ पट्ट्यात विशिष्ट उंदराच्या परिचयाशी निगडित कोशिका दाखविल्या. त्या पुन्हा उद्दीपित केल्याने विसरलेल्या उंदराची ओळख परतली.

या संशोधनाचे वैद्यकीय महत्त्व मोठे आहे. अल्झायमर रोगात तंतूंच्या गुंत्याने होणारी हानी बाह्यकात सर्वप्रथम पेरिऱ्हायनल व एंटोऱ्हायनल बाह्यकांच्या सीमेवर सुरू होते, असे ब्राक व ब्राक यांनी १९९१ मध्ये दाखविले. हिप्पोकँपसला ती त्यानंतर ग्रासते.