सरासरी गाठली म्हणजे पाऊस चांगला झाला?

वाशीमची शेती अडचणीत आहे ती पाऊस कमी पडतो म्हणून, असे सर्रास बोलले जाते. विदर्भ म्हटले की ऊन आणि कोरड एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यात २०१८मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव आले आणि हा समज आणखी पक्का झाला. प्रत्यक्षात जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. सोलापूरच्या मानाने तो कितीतरी जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, म्हणजे आठशे मिलिमीटरचे बत्तीस लाख लिटर होतात. शंभर-एकशेदहा दिवसांच्या सोयाबीनला एवढे पाणी पुरून उरावे. ते पुरत नाही, कारण पाऊस कधी येतो, किती जोरात येतो आणि पडल्यावर कुठे जातो, यावर सगळे अवलंबून आहे.

रिसोडपासून कारंज्यापर्यंत खरिपात सर्वांत मोठा पेरा सोयाबीनचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्याच सरीवर पेरले आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणीची वेळ येते. पुढे शेंगा भरताना दोन-तीन आठवडे उघडीप राहिली तर दाणा बारीक राहतो. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. यातून वाचलेले पीक सोंगणीला आले आणि झड लागली, तर वाळलेल्या शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात, सुडी लावलेला माल काळा पडतो. एवढे होऊनही सप्टेंबरअखेर कागदावर सरासरी शंभर टक्के भरलेली असू शकते. अतिवृष्टीच्या आकड्याचेही तेच. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते आणि तो मोजला जातो महसूल मंडळातल्या एका ठिकाणी. तिथून काही कोसांवर ढग फुटल्यासारखा कोसळून नाल्याकाठची शेते खरडून गेली, तरी पर्जन्यमापकात चाळीसच दिसू शकतात. हा आकडा खोटा नसतो, पण तो त्या शेताचा नसतो.

मग धरणे बांधा, असे लोक म्हणतात. सिंचन वाढायलाच हवे, त्यात वाद नाही. पण वाशीम हा पाणलोटाचा माथा आहे. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे, पुढे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा, अरुणावती, अडाण यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात. काटेपूर्णेचे मोठे धरण अकोला जिल्ह्यात महान इथे आहे, अरुणावतीचे यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळ. माथ्यावर पाणलोट लहान, त्यामुळे मोठ्या धरणांना जागा थोड्या. खाली बेसॉल्टचा कातळ, ज्याच्या फटींत आणि झिजलेल्या थरात थोडेच पाणी मावते. म्हणून सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते.

सोयाबीनच सोडा, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण सोयाबीन ऑक्टोबरात शेत मोकळे करते आणि उरलेल्या ओलीवर हरभरा घेता येतो, हा हिशेब शेतकऱ्याने विचार करूनच मांडलेला आहे. तोही निर्धोक नाही: २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने काढणीला आलेले हरभरा-गहू झोडपले. म्हणून खरिपात तुरीचे आंतरपीक टिकवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिची मुळे खोल जातात आणि उघडीप ती सोयाबीनपेक्षा जास्त सोसते. त्याच्या जोडीला रुंद वरंबा-सरीवर पेरणी हवी. सरीत जागा वाया जाते ही तक्रार ऐकू येते, पण काळ्या जमिनीत जोराच्या पावसाचे जादा पाणी त्याच सरीतून निघून जाते, पीक चिबडत नाही, आणि उघडीप पडली की सरीत मुरलेली ओल मुळांना मिळते. बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, शेततळे ही कामेही याच जातीची: माथ्यावरचे पाणी खाली पळण्याआधी त्याचा वेग मोडायचा.